‘ओंग-बाक’ : साहसामागील साधना

चित्रपट ही मूलतः भासाची कला आहे. नायक उंच गच्चीवरून उडी घेतो, तेव्हा त्याच्या कमरेस बारीक तार बांधलेली असते. तो ज्वाळांतून धावतो, तेव्हा त्या ज्वाळा पुष्कळदा संगणकाने रेखाटलेल्या असतात. प्रेक्षक हे जाणतो आणि तरीही टाळ्या वाजवितो. थायलंडमध्ये २००३ साली निघालेल्या ‘ओंग-बाक’ या चित्रपटाने मात्र तार आणि संगणक या दोहोंचा आधार नाकारला आणि केवळ मानवी देहाच्या बळावर देशोदेशींच्या प्रेक्षकांस थक्क केले. हे कसे साधले, याचा विचार विद्यार्थ्यांस उद्बोधक वाटेल.

कथानक अगदी साधे आहे. एका खेड्याच्या मंदिरातील ओंग-बाक नामक बुद्धमूर्तीचे मस्तक चोरटे तोडून बँकॉकला नेतात. गावकरी आपल्याजवळचे किडूकमिडूक एकत्र करतात आणि तिंग या तरुणाला ते मस्तक परत आणण्यास पाठवितात. दिग्दर्शक प्राच्या पिन्केव यांनी या धाग्यात सारी साहसदृश्ये ओवली आहेत.

तिंगची विद्या म्हणजे ‘मुए थाई’. दोन मुठी, दोन कोपरे, दोन गुडघे आणि दोन पाय अशा आठ अवयवांनी लढली जात असल्यामुळे तिला ‘अष्टांगांची कला’ म्हणतात. चित्रपटात या विद्येचे ‘मुए बोरान’ हे प्राचीन रूप दिसते. त्यातील एका डावाचे नाव ‘हनुमान अंगठी अर्पण करतो’ असे आहे, तर दुसऱ्याचे नाव ऐरावताच्या सुळ्यांवरून पडले आहे. ‘रामकियेन’ या नावाने रामकथा त्या देशात रुजलेली असल्यामुळे त्यात नवल नाही. लढतीपूर्वी मल्ल ‘वाय ख्रू’ हा वंदनविधी करतो. यातील ‘ख्रू’ म्हणजे आपला ‘गुरू’च होय, आणि मस्तकावरील ‘मोंगखोन’ या पट्ट्याच्या नावात ‘मंगल’ हा शब्द दडलेला आहे.

आता साहसदृश्यांकडे वळू. बँकॉकच्या गल्लीबोळांतील पाठलागात नायक काटेरी तारेच्या वेटोळ्यातून आरपार झेपावतो, दोन काचांमधील अरुंद फटीतून निसटतो, पाय दोहों बाजूंस पसरून मोटारीखालून घसरत जातो आणि गर्दीतील माणसांच्या खांद्यांवरून धावतो. विशेष म्हणजे, महत्त्वाची उडी पडद्यावर एकदाच न दाखविता दोन-तीन कोनांतून पुनःपुन्हा दाखविली आहे. कथेच्या ओघास हे बाधक होय; परंतु त्यामुळे प्रत्येक कोन जणू साक्षीदार होऊन ‘यात कपट नाही’ अशी ग्वाही देतो. भासाला सरावलेला प्रेक्षक येथे श्वास रोखून धरतो, कारण संकट खरे आहे असे त्याला पटलेले असते.

हे कौशल्य एका दिवसात आलेले नाही. नायकाची भूमिका करणारे टोनी जा यांचा जन्म १९७६ साली सुरिन प्रांतात झाला. खोन केन प्रांतातील साहसदिग्दर्शक पन्ना रित्तिक्राय यांचे चित्रपट बालपणी पाहून ते भारावले, पुढे त्यांचेच शिष्य झाले आणि वर्षानुवर्षे व्यायाम, कसरती व लढतीचा सराव करीत राहिले. ‘ओंग-बाक’मधील साहसांची रचना गुरू-शिष्यांच्या या दीर्घ परिश्रमांचे फळ होय. २००५ साली ‘तोम-युम-गुंग’ या चित्रपटात याच जोडीने सुमारे चार मिनिटांची लढत, मध्ये कोठेही न तोडता, सलग चित्रित केली. पन्ना रित्तिक्राय २०१४ साली निवर्तले.

अशा उड्यांमागे शास्त्रही आहे. उंचावरून पडणारा देह ताठ राहिला, तर तो क्षणार्धात थांबतो आणि सारा आघात हाडांवर येतो. गुडघे वाकवून, अंग गोल करून लोळण घेतली, तर थांबण्यास अधिक वेळ लागतो व आघाताचे बल कमी होते. आपल्याकडे मल्लखांब शिकविणारे वस्ताद मुलाला प्रथम खाली उतरावयास शिकवितात, त्यामागील तत्त्व हेच. ज्याला पडता येत नाही, त्याने उडी घेऊ नये.

म्हणूनच पडद्यावरील झेप पाहून शाळेच्या जिन्यावरून किंवा गच्चीवरून तिचे अनुकरण करणे म्हणजे साहस नव्हे, अविचार होय. आपणास दिसते ती एका क्षणाची झेप. तिच्यामागील सराव, फसलेले प्रयत्न आणि सहकाऱ्यांची दक्षता पडद्यावर येत नाही. शिवाय नायकाचा मार खाऊन कोसळणारे अनामिक साहसपटूही आपला देह तितकाच पणाला लावीत असतात. टाळ्या वाजविताना त्यांचाही विसर पडू नये.

चित्रपटातील तिंगला त्याच्या गुरूने या विद्येचा वापर न करण्याविषयी बजावलेले असते. सामर्थ्य कमविणे कठीण खरे. परंतु ते आवरून धरणे त्याहून कठीण. या साहसपटाचा खरा बोध तोच आहे.