परसातलं बी

अच्छाड महाराष्ट्राच्या वेशीवर, मुंबई-अहमदाबाद महामार्गालगत. पाऊस लागला की या भागात, तलासरी-डहाणूच्या पाड्यांत घराशेजारी काकडी, दोडक्याचे वेल चढू लागतात. हे बी थेट आळ्यात टोचावं; वेलांच्या मुळांना हलवाहलव सोसत नाही. वांगी-मिरचीची मात्र आधी गादीवाफ्यावर रोपं करावीत.

घरचं बी धरायचं तर निरोगी फळ वेलावरच पूर्ण पिकू द्यावं. काकडीच्या दोन जाती शेजारी असल्या तर मधमाश्या पराग मिसळतात. म्हणून मादी कळी आदल्या संध्याकाळी कापडी पिशवीत झाकावी, सकाळी त्याच जातीच्या, तसंच झाकून ठेवलेल्या नरफुलाचा पराग लावून पुन्हा झाकावी. संकरित वाणाचं बी धरू नये, पुढची पिढी सारखी निघत नाही.

अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी अशी गावठी बियाणी जपली. त्यांना २०२० चा पद्मश्री मिळाला. हा सन्मान बी राखणाऱ्या प्रत्येक बाईचा आहे, असं मला मनापासून वाटतं. कायदाही पाठीशी आहे: २००१ च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याला बी राखण्याचा, वाटण्याचा, विकण्याचाही हक्क दिला. बंदी आहे ती फक्त संरक्षित वाणाचं बी ब्रँड लावून विकायला. पण असं गावठी बी राखणाऱ्या बाईला खरी गरज आहे ती गिऱ्हाइकाची. यंदा एक तरी वाण तिच्याकडून विकत घ्या.