विभाजित शासन
शासनाची कार्यकारी सत्ता एका पक्षाकडे व विधिमंडळातील बहुमत दुसऱ्या पक्षाकडे असण्याची अवस्था. संसदीय पद्धतीत कनिष्ठ सभागृहाचा विश्वास गमावलेले मंत्रिमंडळ अधिकारावर राहू शकत नाही; त्यामुळे तेथे ही अवस्था फार तर वरिष्ठ सभागृहापुरती उद्‌भवते. भारतात १९७८ मध्ये जनता पक्षाच्या सरकारला राज्यसभेत बहुमत नसल्याने ४५ व्या घटनादुरुस्ती विधेयकातील पाच कलमे सोडून द्यावी लागली व उरलेले विधेयक ४४ वी घटनादुरुस्ती म्हणून संमत झाले. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत मात्र राष्ट्राध्यक्ष व काँग्रेस यांची निवड स्वतंत्रपणे होते. राष्ट्राध्यक्षास काँग्रेस विसर्जित करता येत नाही व काँग्रेसला अविश्वासाच्या ठरावाने त्यास दूर करता येत नाही. साहजिकच वाटाघाटींवाचून कोणासही गत्यंतर उरत नाही.

अशा वाटाघाटींचे सर्वांत बोधप्रद उदाहरण १९४७-४८ मधील होय. नोव्हेंबर १९४६ च्या निवडणुकांत रिपब्लिकन पक्षाने दोन्ही सभागृहे जिंकली. डेमॉक्रॅटिक राष्ट्राध्यक्ष हॅरी ट्रूमन (१८८४–१९७२) यांची लोकप्रियता तेव्हा फार घसरलेली होती. सीनेटच्या परराष्ट्र-व्यवहार समितीचे अध्यक्षपद मिशिगनचे आर्थर व्हँडनबर्ग (१८८४–१९५१) यांच्याकडे आले. युरोपच्या कलहांपासून अमेरिकेने अलग राहावे, हे आपले जुने मत त्यांनी जानेवारी १९४५ मधील भाषणात जाहीरपणे सोडले होते.

मार्च १९४७ मध्ये ट्रूमन यांनी ग्रीस व तुर्कस्तान यांच्यासाठी ४० कोटी डॉलरची मागणी केली. संयुक्त राष्ट्रांना ही मदत अनावश्यक वाटल्यास ती थांबवावी, अशी दुरुस्ती व्हँडनबर्ग यांनी सुचविली. सरकारने ती मान्य केली आणि विधेयक सीनेटमध्ये ६७ विरुद्ध २३ मतांनी संमत झाले. युरोपच्या पुनर्रचनेच्या योजनेत तर विरोधकांचा वाटा याहून मोठा होता. चार वर्षांच्या सु. १,७०० कोटी डॉलरचा आकडा विधेयकातून वगळून दरवर्षी काँग्रेसची मंजुरी घ्यावी आणि योजनेचा कारभार परराष्ट्र खात्याऐवजी स्वतंत्र यंत्रणेकडे द्यावा, असा व्हँडनबर्ग यांचा आग्रह होता. यंत्रणेच्या प्रमुखपदासाठी ट्रूमन यांच्या मनात डीन ॲचिसन होते. नेमणूक झाली ती पॉल हॉफमन या रिपब्लिकन उद्योगपतीची. परराष्ट्र खात्याचे रॉबर्ट लव्हेट व्हँडनबर्ग यांच्या निवासस्थानी वरचेवर जाऊन तारा व मसुदे त्यांना दाखवीत. विरोधी नेत्याला निर्णय झाल्यावर नव्हे, तर तो घडत असतानाच सहभागी करून घेण्यात या यशाचे मर्म होते. योजनेला स्वतःचे नाव न देता परराष्ट्रमंत्री जॉर्ज मार्शल यांचे नाव मिळू देण्यात ट्रूमन यांची व्यवहारदृष्टी दिसते. फेब्रुवारी १९४८ मधील चेकोस्लोव्हाकियातील कम्युनिस्ट सत्तांतराने उरलासुरला विरोध बराच दुबळा झाला, हेही खरे. एप्रिल १९४८ मध्ये या कायद्यावर राष्ट्राध्यक्षांची स्वाक्षरी झाली.

या सहकार्यामुळे अंतर्गत विरोध मावळला, असे मात्र नव्हे. कामगार संघटनांवर निर्बंध घालणारा टाफ्ट-हार्टली कायदा जून १९४७ मध्ये काँग्रेसने ट्रूमन यांचा नकाराधिकार धुडकावून संमत केला. १९४८ च्या प्रचारात ट्रूमन यांनी याच काँग्रेसला निष्क्रिय ठरवून तिच्यावर झोड उठविली आणि निवडणूक जिंकली. चीनविषयक धोरणही या सहकार्याच्या कक्षेत आले नव्हते. १९४९ मध्ये तेथे कम्युनिस्टांची सत्ता आल्यावर त्यावरून दोन्ही पक्षांत कडवट संघर्ष झाला.