चुलीवरचे भांडे व फडताळातला डबा

महागाईचा विचार करताना आम्ही कामगार चळवळीतील माणसे ज्वारीचा भाव, तेलाचा भाव, घरभाडे व औषधपाणी यांचा हिशेब मांडतो. परंतु डाळ ज्या भांड्यात शिजते व तेल ज्या डब्यात राहते, त्यांचा हिशेब सहसा कोणी मांडत नाही. भांडे एकदा घेतले की जन्माचे, अशी आपली समजूत असते. शिवाय ते बायकांचे खाते मानले जाते, म्हणून सभेत त्याचा विषय निघत नाही. आमच्या मते हा विषय पगाराइतकाच महत्त्वाचा आहे. कारण कष्टाने मिळविलेल्या अन्नात जर थोडे विष मिसळत असेल, तर ती मजुरीतून होणारी कपातच होय.

नांदेड आणि लातूर ही दोन्ही बाजारपेठेची शहरे. लातूर एकेकाळी पितळी भांडी व कुलपे यांसाठी नावाजलेले होते. आज गंजगोलाईत काय किंवा नांदेडच्या वजिराबादेत काय, दुकानात शिरले की स्टील, जर्मन, हिंदालियम, नॉनस्टिक, तांबे, बीड अशा नावांनी गिऱ्हाईक गोंधळून जाते. दुकानदार सांगेल ते, किंवा बोहारीण जुन्या लुगड्यावर देईल ते घरी येते. म्हणून आधी एक साधे सूत्र ध्यानात घ्यावे. भांड्याचा धातू अन्नात उतरण्यास चार गोष्टी कारण होतात : आंबटपणा, मीठ, उष्णता आणि काळ. कोरडी ज्वारी डब्यात वर्षभर राहिली तरी बिघडत नाही. पण चिंचेचे सार रात्रभर तांब्याच्या भांड्यात राहिले तर सकाळी ते खाण्याजोगे उरत नाही. एवढे सूत्र कळले की अर्धी पारख झाली.

पहिल्याने तांबे व पितळ घेऊ. आपल्या आजीला रसायनशास्त्र ठाऊक नव्हते, पण ताक पितळेत कळकते हे तिला पक्के ठाऊक होते. कळकणे म्हणजे आंबट पदार्थात तांबे उतरणे. अशा अन्नाने मळमळ, ओकाऱ्या व पोटात कळा येतात. त्यावर उपाय म्हणून कल्हई. नवसागराने भांडे साफ करून त्यावर वितळलेल्या कथलाचा पातळ थर फिरवितात. कथील २३२ अंशांना वितळते आणि ते अन्नास फारसे अपाय करीत नाही. मात्र कथील महाग व शिसे स्वस्त. त्यामुळे कथलात शिसे मिसळण्याचा मोह होतो, आणि तसे झाले तर उपायच अपाय ठरतो. शुद्ध कथलाची कांडी वाकविली असता कुरकुर असा आवाज येतो. शिसे मिसळले की तो मंदावतो. ही ढोबळ खूण आहे, थोडी भेसळ तिने कळत नाही. म्हणून खात्रीच्या दुकानातून कथील आपण स्वतः आणून कल्हईवाल्यास द्यावे हे बरे. आतून तांबूस डाग दिसू लागले की पुन्हा कल्हई करावी. तांब्याच्या भांड्यात साधे पाणी भरण्यास हरकत नाही. त्यात लिंबू पिळू नये.

आता जर्मन, म्हणजे ॲल्युमिनियम. गरिबाच्या घरात हेच भांडे अधिक. कारण ते हलके, लवकर तापणारे व स्वस्त. चांगल्या प्रतीच्या ॲल्युमिनियममध्ये भात, साधे वरण, दूध यांना धोका नाही म्हटले तरी चालेल. निरोगी माणसाची मूत्रपिंडे थोडेसे ॲल्युमिनियम बाहेर टाकतात. ज्याचे मूत्रपिंड बिघडले आहे त्याने मात्र जपावे. अंबाडीची भाजी, कढी, चिंच घातलेली आमटी या भांड्यात शिजवू नये, व उरलेले तर मुळीच ठेवू नये. कुकर ॲल्युमिनियमचा असेल तर त्यात नुसती डाळ शिजवून घ्यावी आणि चिंच, मीठ व फोडणी स्टीलच्या पातेल्यात करावी. दुसरे असे की, भांड्याच्या आत जो काळपट थर धरतो तो मळ नव्हे. तो धातूचे कवच आहे. राख व चिंच लावून तो चकचकीत घासून काढला की धातू पुन्हा उघडा पडतो.

परंतु खरा घोर शिशाचा आहे. सगळेच ॲल्युमिनियम सारखे नसते. मोडक्या यंत्रांचे भाग, जुन्या मोटारींचे सुटे भाग, तारा, डाक लावलेले तुकडे असे सारे भंगार भट्टीत वितळवून त्याच रसातून पातेली ओतली जातात, तेव्हा भंगारातील शिसेही पातेल्यात येते. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका तपासणीत भारतासह १० देशांतील ४२ भांडी घेऊन त्यांत सौम्य ॲसेटिक आम्ल दोन तास उकळले. त्यांपैकी १५ भांड्यांतून पाव लिटरमागे एक मायक्रोग्रॅम किंवा त्याहून अधिक शिसे उतरले. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने परदेशांतून येणाऱ्या काही ॲल्युमिनियम, पितळ व हिंदालियमच्या भांड्यांबद्दल जाहीर इशारा दिला. जागतिक आरोग्य संघटनेचे म्हणणे असे की, शिशाची निर्धोक अशी मात्राच नाही, आणि तेवढेच शिसे पोटात गेले तर लहान मूल ते मोठ्या माणसाच्या चार-पाच पट शोषून घेते. त्याने मुलाची बुद्धी मंदावते व ती हानी भरून येत नाही. २०२० साली युनिसेफने सांगितले की, जगातील दर तीन मुलांपैकी एकाच्या रक्तात शिशाचे प्रमाण काळजी करण्याजोगे आहे. ज्या मुलाने शिकून मोठे व्हावे म्हणून बाप दोन पाळ्या करतो, त्याच मुलाच्या ताटात हे उतरते. यापरते दुर्दैव कोणते?

लोखंड व बीड यांची गोष्ट उलट आहे. यातून जे उतरते ते अंगी लागते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५४ टक्क्यांना रक्तक्षय आढळला. लोखंडी कढईतील भाजी हे त्यावरचे औषध नव्हे, पण तिचा हातभार लागतो. भाजी काळवंडते, त्याने घाबरू नये. मात्र ती कढईतच ठेवू नये. धुऊन, पुसून, तेलाचा हात फिरविला की गंज चढत नाही. आपल्या ज्वारीच्या भाकरीला तर लोखंडी तव्यासारखा तवा नाही.

नॉनस्टिकचा तवा भाकरीस कधीच वापरू नये. त्यावरील लेप सुमारे २६० अंशांच्या पुढे बिघडू लागतो व फार तापल्यास त्यातून विषारी धूर निघतो. भाकरीसाठी तवा कोरडा व कडक तापवावा लागतो. म्हणजे जे या तव्याला चालत नाही तेच आपण करतो. मंद आचेवर, तेल घालून धिरडे करावयाचे असेल तर गोष्ट निराळी. पूर्वी हा लेप करताना पीएफओए नावाचे रसायन वापरीत, ते कर्करोगास कारण होते असा निर्वाळा जागतिक कर्करोग संशोधन संस्थेने २०२३ साली दिला. लेप खरवडलेला जुना तवा घरात ठेवण्यात काटकसर नाही.

राहिले स्टील. आमच्या मते साधारण संसारास हेच सर्वांत सोयीचे. आंबट, खारट, गरम, शिळे सारे यास चालते. लोहचुंबक लावून पाहण्याची आपल्याकडे चाल आहे. चिकटले तर खोटे, न चिकटले तर अस्सल. ही समजूत बरोबर नाही. उंची ३०४ जातीचे स्टील चुंबकास धरत नाही, तसेच स्वस्त २०२ जातीचेही धरत नाही. आणि ४३० जातीचे धरते, तरी ते विषारी नसते. तेव्हा चुंबकापेक्षा आय.एस.आय. शिक्का पाहावा. स्टील व ॲल्युमिनियमच्या भांड्यांस हा शिक्का सक्तीचा करणारा आदेश केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये काढला आहे. शिक्क्याजवळचा परवाना क्रमांक ‘बीआयएस केअर’ या मोबाईलवरील सोयीने पडताळता येतो. घरात एखादे तरी शिकलेले मूल असतेच, त्याला हे काम सांगावे.

आता साठवणीकडे वळू. १६ जुलै २०१३ रोजी बिहारमधील सारण जिल्ह्यात गंडामन गावच्या शाळेत दुपारचे जेवण खाऊन २३ मुले दगावली. स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक सापडले. आपला मुलूख कापूस व सोयाबीनचा. फवारणीचे डबे घरोघर पडलेले असतात आणि ‘एवढा चांगला डबा कशाला टाकायचा’ म्हणून तो धुऊन तेलाला, पाण्याला घेतला जातो. औषधाचा डबा कितीही धुतला तरी तो अन्नाचा होत नाही. त्यास भोक पाडूनच टाकावा, म्हणजे दुसऱ्या कोणी उचलणार नाही.

पाण्याच्या टिपाडांनाही हाच न्याय. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली रेल्वे लातुरास आली. जेथे नळाची आठ-आठ दिवस वाट पाहावी लागते, तेथे माणूस मिळेल ते पिंप विकत घेतो. कारखान्यातून आलेल्या पिंपात पूर्वी काय होते हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसते. वास येणारे वा डाग पडलेले पिंप फार तर धुण्याभांड्याच्या पाण्यास वापरावे, पिण्याच्या पाण्यास नव्हे.

धान्यास कीड लागू नये म्हणून पाऱ्याच्या गोळ्या व सल्फासच्या गोळ्या वापरणारी घरे आम्ही पाहिली आहेत. पाऱ्याची वाफ घरच्या हवेत मिसळते. सल्फासला ओल लागली की त्यातून फॉस्फीन हा प्राणघातक वायू निघतो. झोपण्याच्या खोलीत धान्य व धान्यात ही गोळी, याइतके भयंकर काही नाही. त्यापेक्षा धान्य कडक उन्हात वाळवावे, डाळीस एरंडेलाचा हात लावावा, कडुनिंबाचा वाळलेला पाला घालावा व झाकण घट्ट लावावे. मीठ व लोणचे काचेच्या किंवा चिनी मातीच्या बरणीत ठेवावे. भडक रंगाची, कोठली म्हणून न सांगता येणारी बरणी शोभेला ठेवावी. गरम वरण किंवा चहा पातळ पिशवीतून आणू नये आणि भजी वर्तमानपत्रात बांधून घेऊ नयेत; छपाईची शाई तेलात उतरते.

हे सारे एकदम करावे असे आम्ही म्हणत नाही. बेताच्या पगाराच्या घराने आधी फुकटाचे करावे : औषधाचे डबे व विषारी गोळ्या घराबाहेर काढाव्यात, आंबट पदार्थ जर्मनमधून हलवावेत. पहिली खरेदी जाड बुडाच्या एका स्टीलच्या पातेल्याची, दुसरी लोखंडी कढईची, तिसरी दोन बरण्यांची. ज्याचा ठावठिकाणा नाही असे जर्मनचे पातेले मोडीत घालू नये, कारण ते पुन्हा त्याच भट्टीत जाईल. त्यात आंघोळीचे पाणी तापवावे.

शेवटी एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. तांबे कळकले तर जिभेस कळते, गंज डोळ्यांस दिसतो. शिसे मात्र जिभेस, नाकास वा डोळ्यांस कळत नाही. जगातील कोणतीही सुगरण ते ओळखू शकणार नाही. म्हणून त्याचा भार एकट्या गृहिणीवर टाकणे हा अन्याय आहे. बाजारातील व जत्रेतील भांड्यांचे नमुने सरकारने उचलावेत, प्रयोगशाळेत तपासावेत आणि निकाल मराठीत जाहीर लावावेत, ही मागणी नागरिकांनी, कामगार संघांनी व महिला बचत गटांनी मिळून केली पाहिजे. दहा घरांनी एकत्र खरेदी केली तर भाव उतरतो आणि शिक्क्याचे भांडे व पक्की पावती हक्काने मागता येते. भंगाराच्या भट्टीवर राबणाऱ्या मजुरालाही हे सांगितले पाहिजे. कारण आपल्या ताटात जे कणाकणाने येते, ते त्याच्या छातीत रोज धुराने जात असते. भांड्याची पारख घरात सुरू होते हे खरे, पण ती पुरी व्हावयाची तर भट्टीपर्यंत जावे लागेल.