नेटवर्क फाइल सिस्टीम : सर्व्हरचा बदललेला पत्ता आणि क्लायंट
सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने १९८४ मध्ये विकसित केलेल्या नेटवर्क फाइल सिस्टीममुळे दूरच्या सर्व्हरवरील फाइल्स आपल्याच संगणकावर असल्याप्रमाणे वापरता येतात. लिनक्स क्लायंट सर्व्हरच्या नावावरून त्याचा आयपी पत्ता केवळ माउंट करताना, म्हणजे जोडणीच्या वेळी, शोधतो व पुढे तोच धरून ठेवतो. त्यामुळे डीएनएसमधील नोंद बदलली तरी विनंत्या जुन्याच पत्त्यावर जात राहतात. 'हार्ड' माउंटमध्ये उत्तर मिळेपर्यंत प्रयत्न थांबत नाहीत. फाइल वापरणारा प्रोग्रॅम गोठतो. आमच्या प्रयोगशाळेत हा प्रसंग नेमका प्रात्यक्षिक परीक्षेच्या दिवशी ओढवला! अशा वेळी 'सॉफ्ट' माउंटचा मोह होतो. परंतु त्यात ठरावीक प्रयत्नांनंतर त्रुटी परत येते आणि लेखन अर्धवट राहून माहिती बिघडण्याचा धोका संभवतो. प्रस्तुत लेखकाच्या मते तो मार्ग टाळणेच इष्ट होय. जुनाच पत्ता नव्या सर्व्हरला देणे अधिक सोयीचे. मात्र नव्या सर्व्हरने जुनी फाइल हँडल्स ओळखली पाहिजेत, अन्यथा 'स्टेल फाइल हँडल' ही त्रुटी उद्भवते. हे शक्य नसल्यास अनमाउंट करून पुन्हा माउंट करावे. नुसत्या रीमाउंटने पत्ता बदलत नाही. ऑटोमाउंटर असल्यास काही काळ वापर नसलेली जोडणी आपोआप सुटते व पुढील वापराच्या वेळी नावाचा शोध नव्याने घेतला जातो.