पुढे बसू की मागे?

"मावशी, पुढे बसायचं की मागे?" दहावीची परीक्षा संपताच भाचीने पहिला प्रश्न विचारला तो हा. पुढच्या बुधवारी आम्ही दोघी खोपोलीजवळच्या इमॅजिका पार्कमध्ये ‘नायट्रो’ या रोलर कोस्टरवर बसणार आहोत. साधारण 40 मीटर उंची, पाच वेळा उलटंपालटं करणारा रूळ, पायाखाली तळ नाही. गाडी एकच आणि रूळही एकच, मग कुठेही बसलं तरी काय फरक पडणार, असं वाटणं साहजिक आहे. पण फरक पडतो, आणि चांगलाच पडतो. त्याचं कारण तिच्याच विज्ञानाच्या पुस्तकात, गुरुत्वाकर्षणाच्या पहिल्या धड्यात दडलेलं आहे.

या गाडीला इंजिन नसतं. साखळी तिला ओढून पहिल्या शिखरावर नेते आणि सोडून देते. पुढचा सगळा प्रवास त्या एका चढणीवर कमावलेल्या उंचीच्या जिवावर होतो. 40 मीटर खाली आल्यावर वेग किती होईल, हे आम्ही वहीत मांडून पाहिलं. सेकंदाला 28 मीटर, म्हणजे ताशी सुमारे 100 किलोमीटर. गणितात वस्तुमान दोन्ही बाजूंनी कटलं तेव्हा भाची थबकली. "म्हणजे गाडी भरलेली असो की रिकामी, वेग तोच?" घर्षण आणि हवेचा अडथळा सोडला तर तोच.

आता जागेचा प्रश्न. गाडी लांब असते आणि तिचे सगळे डबे एकमेकांना जखडलेले असतात. पुढचा डबा शिखर ओलांडतो तेव्हा मागचे अजून चढणीवरच असतात. त्यांच्या वजनामुळे पुढचे लोक उतरणीच्या तोंडाशी क्षणभर रेंगाळतात. समोर रूळ नाहीसा झालेला, खाली नुसती खोल जागा. गाडीचा मध्य शिखरापलीकडे गेला की सगळी गाडी वेग घेते, आणि शेवटचा डबा शिखरावर पोहोचतो तो या वाढलेल्या वेगानेच. ओली साडी दोरीवर नीट मध्यावर टाकली नाही की आधी हळूहळू सरकते आणि शेवटी तिचा पदर सर्रकन निघून जातो, अगदी तसं. मागे बसलेला माणूस शिखरावरून अक्षरशः खेचला जातो आणि आसनावरून उचलला जातो. दरीत मात्र हिशेब बदलतो. गाडीचा मध्य तळाशी असतो तेव्हा वेग सर्वाधिक असतो, म्हणून तळाशी सर्वात जड होतात ते मधल्या डब्यातले. पुढे वारा आणि दृश्य, मागे हिसका, मध्ये दाब.

या फरकाचा एक पुरावा वैद्यकशास्त्रातून आला आहे. अमेरिकेतल्या मिशिगन स्टेट विद्यापीठाचे डॉ. डेव्हिड वार्टिंगर यांच्या काही रुग्णांचे मूतखडे फ्लोरिडातल्या डिस्नेच्या ‘बिग थंडर माउंटन’वर बसल्यावर पडले होते. वार्टिंगर यांनी सिलिकॉनची मूत्रपिंडाची प्रतिकृती बनवली, तिच्यात खरे मूतखडे घातले आणि ती बॅगेत ठेवून 20 फेऱ्या मारल्या. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पुढे बसल्यावर सुमारे 17 टक्के खडे सरकले, मागे बसल्यावर सुमारे 64 टक्के. मूतखडा असलेल्यांनी यात उपचार शोधू नये, डॉक्टरांकडेच जावं. पण मागच्या आणि पुढच्या जागेतला फरक इतक्या स्पष्ट आकड्यांत क्वचितच कुणी दाखवला असेल.

मला सगळ्यात सुंदर वाटतं ते हे की शरीराला वेग कळतच नाही. ताशी 800 किलोमीटरने उडणाऱ्या विमानात चहा कपात स्थिर असतो. आपल्याला जाणवतो तो वेगातला बदल, आणि तोही आसन आपल्याला किती जोराने ढकलतं आहे यावरून. घरी खुर्चीत बसल्यावर खुर्ची आपलं वजन पेलते. उतरणीवर गाडी आपल्यासोबतच खाली पडू लागते आणि तो आधार निघून जातो. पोटातले अवयवही त्या क्षणी एकमेकांवर भार टाकत नाहीत. पोटात गोळा येतो तो हाच. दुसरीकडे, कानाच्या आतल्या भागात कॅल्शियम कार्बोनेटचे सूक्ष्म कण असतात. शरीर कलतं किंवा वेग घेतं तेव्हा ते आपल्या जागेवरून जरासे सरकतात आणि मेंदूला वर्दी देतात. डोळे मिटले की मेंदूकडे फक्त ही वर्दी उरते, पुढचं वळण दिसत नाही आणि मान सावरायला उशीर होतो. म्हणून भाचीला सांगितलंय, डोकं मागे टेकवायचं आणि डोळे उघडे ठेवायचे.

गाडीला उलटं करणाऱ्या उभ्या कड्याचा, म्हणजे लूपचा, आकारही तिला कागदावर काढायला लावला. तिने परकाराने गोल काढला. 1895 मध्ये न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर ‘फ्लिप फ्लॅप’ उभारणाऱ्यांनीही गोलच निवडला होता, आणि बसणाऱ्यांच्या मानांना त्याची किंमत मोजावी लागली. पूर्ण गोलात, माथ्यावर जेमतेम निभेल इतका वेग ठेवला तरी तळाशी आपलं वजन सहापट होतं. 1976 मध्ये कॅलिफोर्नियाच्या मॅजिक माउंटनमध्ये ‘रिव्होल्यूशन’साठी आन्टोन श्वार्झकोफ आणि वेर्नर श्टेंगेल या जर्मन अभियंत्यांनी थेंबाच्या आकाराचं कडं आणलं. वेग जास्त तिथे, म्हणजे तळाशी, वळण मोठं. वेग कमी तिथे, माथ्यावर, वळण लहान. वळणाची धार अशी हळूहळू वाढवायची युक्ती रेल्वेला आधीपासून माहीत होती. सरळ रुळावरून वळणावर जाताना आगगाडीला एकदम हिसका बसत नाही तो त्यामुळेच.

ताईची काळजी वेगळी, आईचीच. गाडी मध्येच मागे घसरली तर? उलटी झाली की रुळावरून सुटली तर? पहिल्या प्रश्नाचं उत्तर चढणीवरच्या दातेरी पट्टीत आहे. गाडीखालची खिटी एकेका दात्यात अडकत वर जाते, बऱ्याच ठिकाणी ऐकू येणारी खटखट तिचीच. दुसऱ्याचं उत्तर चाकांत: रुळाच्या वर, बाजूला आणि खालीही चाकं असतात. खालच्या चाकांचं पेटंट जॉन मिलर या अमेरिकन रचनाकाराने 1919 मध्ये घेतलं. शिवाय लोकलच्या सिग्नलसारखे रुळाचे टप्पे पाडलेले असतात. पुढचा टप्पा रिकामा झाल्याशिवाय मागची गाडी त्यात सोडत नाहीत. अनेक आधुनिक रोलर कोस्टरवर चुंबकी ब्रेक असतात. चुंबकांच्या फटीतून धातूची पट्टी वेगात गेली की तिच्यात वीजप्रवाह निर्माण होतो आणि तोच गतीला विरोध करतो. बाहेरून वीज लागत नाही, त्यामुळे वीज गेली तरी हे ब्रेक काम करतात. उंचीची अट मात्र तिथला माणूस सांगेल तशीच पाळायची, कारण खांद्यांवरची पकड ठरावीक मापाच्या अंगासाठी बेतलेली असते. हृदयविकार, मानेचं किंवा पाठीचं दुखणं असलेल्यांनी आणि गर्भवतींनी खालीच थांबावं.

बेत ठरला आहे. बुधवार, म्हणजे रांग कमी. घरून थालीपीठ खाऊन निघायचं, खोपोलीची मिसळ परतताना. पहिली फेरी सकाळी, पुढे बसून. मागची जागा दुपारसाठी राखून ठेवली आहे, कारण उन्हाने आणि फेऱ्यांनी चाकांतलं ग्रीस पातळ होतं आणि गाडी सकाळपेक्षा जरा जास्त पळते. मोबाइल लॉकरमध्ये जाणार, म्हणून भाचीने मोजायची साधी पद्धत काढली आहे: शिखर ओलांडल्यापासून तळ येईपर्यंत मनात "एक हजार एक, एक हजार दोन" म्हणायचं. 40 मीटर सरळ खाली पडायला जवळपास 2.9 सेकंद लागतात; रुळावरून उतरताना त्याहून जास्त लागायला हवेत. पुढे किती आणि मागे किती भरतात, त्यासाठी तिने वहीत दोन रकाने आखून ठेवले आहेत.