दमास्कसचं उघडं दार

दोस्तांनो, ज्यांनी आपला देश जिंकला, आपल्याला कैदेत टाकलं, त्यांचीच माणसं जीव वाचवायला आपल्या दाराशी आली तर? अमीर अब्दुल कादिर यांच्यावर ही वेळ खरोखरच आली होती.

हे अल्जीरियाचे. १८३२ पासून पंधरा वर्षं ते फ्रेंचांशी लढले. लढाईतही माणूस मोठ्या मनाचा! अल्जियर्सच्या बिशपनी एका फ्रेंच कैद्याला सोडण्याची विनंती केली, तेव्हा त्यांनी उलट कळवलं, की एकालाच का? सगळ्यांसाठी मागणं करायचं होतं. आणि तुमच्या तुरुंगातल्या मुसलमानांसाठीही!

१८४७ मध्ये त्यांनी शस्त्र खाली ठेवलं. दुसऱ्या मुस्लिम देशात जाऊ देऊ, असं वचन फ्रेंचांनी दिलं होतं. ते मोडलं, आणि अमिरांना १८५२ पर्यंत फ्रान्समध्ये कैदेत ठेवलं. पुढे ते दमास्कसला येऊन राहिले.

तिथे जुलै १८६० मध्ये दंगल पेटली. शेजारच्या लेबनॉनच्या डोंगरातलं ड्रुझ आणि ख्रिश्चनांचं भांडण शहरापर्यंत पोचलं होतं. ख्रिश्चनांची वस्ती जळत होती, हजारो माणसं मारली जात होती आणि तुर्की सुभेदार स्वस्थ बसला होता. (पुढे त्याला देहदंड झाला.) अमीर मात्र आपले अल्जेरियन सोबती घेऊन गल्ल्यागल्ल्यांतून फिरले, सापडेल त्याला घरी आणलं. त्यात फ्रेंच वकिलातीतली माणसंसुद्धा होती! घर भरलं, तसं लोकांना पहाऱ्यात किल्ल्यात पोचवलं. ख्रिश्चनाला जिवंत आणून देणाऱ्याला बक्षीस लावलं. जमाव दारावर आला, तेव्हा अमीर स्वतः पुढे झाले आणि एकालाही तुमच्या हाती देणार नाही, असं त्यांनी बजावलं. असे हजारो जीव वाचले. शहराच्या मिदान भागातल्या मुसलमानांनीही आपल्या ख्रिश्चन शेजाऱ्यांना लपवलं होतं, हेही सांगायला हवं.

नंतर अल्जियर्सच्या नव्या बिशपनी आभाराचं पत्र धाडलं. अमिरांनी उत्तर दिलं, की इस्लामी धर्मशास्त्र आणि माणसाचे हक्क यांनी जे सांगितलं, तेच मी केलं. त्यांचा कुराणाचा अभ्यास दांडगा होता, तेव्हा हे काही वरवरचं बोलणं नव्हे.

मग फ्रान्सनं मोठा किताब दिला. अमेरिकेचे अध्यक्ष लिंकन यांनी पाठवली पिस्तुलांची जोडी. जीव वाचवल्याबद्दल पिस्तुलं, आहे की नाही गंमत? अमेरिकेतल्या आयोवा राज्यात तर १८४६ पासूनच त्यांच्या नावाचं एक छोटं गाव आहे, एल्केडर. नकाशात शोधून पाहा.