२१,६०० श्वासांचा हिशेब

आपल्याकडे खाण्यापिण्याची पारख मोठी. तांदूळ निवडून घ्यायचे, भाजी दोन-तीन पाण्यांतून काढायची, पाणी उकळून, गाळून प्यायचे. दूध नासल्याचा नुसता संशय आला, तरी गृहिणी ते मुलांच्या पेल्यात ओतणार नाही. पण जिच्यावाचून पाच मिनिटेही निभत नाही, ती हवा मात्र आपण न निवडता, न गाळता, जशी येईल तशी आत घेतो.

आणि घेतो ती थोडीथोडकी नव्हे! योगाच्या जुन्या ग्रंथांत माणसाचे अहोरात्रीचे श्वास २१,६०० सांगितले आहेत. मिनिटाला १५ श्वास धरून गुणाकार करून पाहा. नेमका हाच आकडा येतो. दर श्वासाला अर्धा लिटर हवा धरली, तर दिवसाचे १०,८०० लिटर झाले. नळाला पाणी नसले म्हणजे सोसायटीत जो टँकर येतो, तो भरून हवा आपण रोज छातीत खेळवतो.

नाकाचा पहारा

निसर्गाने या हवेवर पहारा बसवलेला आहे. नाकातले केस, चिकट ओलावा आणि श्वासनळीच्या अस्तरावरची सूक्ष्म लव ही ती पहारेकरी मंडळी. जाडीभरडी धूळ त्यांच्या हाती सापडते आणि शिंकेवाटे, खोकल्यावाटे बाहेर जाते. पण धुरातले काही कण अडीच मायक्रॉनांहूनही लहान, म्हणजे केसाच्या जाडीच्या विसाव्या-तिसाव्या हिश्श्याइतके असतात. शास्त्रज्ञ त्यांना ‘पीएम २.५’ म्हणतात. हे पहारा चुकवून थेट वायुकोशांपर्यंत पोचतात.

हे वायुकोश ३० ते ५० कोटी. सगळे उलगडून अंथरले, तर सुमारे ७५० चौरस फूट, एखाद्या ऐसपैस ब्लॉकाएवढी जागा व्यापतील. वर्षानुवर्षे तिथे धूर जात राहिला, की अस्तराला सूज येते, वाटा अरुंद होतात, कोशांच्या भिंती झिजतात. काही अतिसूक्ष्म कण रक्तातही उतरतात, म्हणून दूषित हवेचा मार हृदयालाही बसतो. २०१३ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने बाहेरच्या दूषित हवेला कर्करोगकारकही ठरवले.

विडी न ओढता

माझी आत्या कोकणातली. विडीचे सोडाच, तपकिरीच्या डबीलाही कधी शिवली नाही. साठी उलटल्यावर देवळाच्या पायऱ्या चढताना ती मध्येच थांबू लागली. “वय झालं रे आता,” एवढेच म्हणायची. एका थंडीत रात्र रात्र बसून काढावी लागली, तेव्हा मी तिला मुंबईला आणून छातीच्या डॉक्टरांना दाखवले.

डॉक्टरांनी तिला एका नळीत जोराने फुंकायला लावले. कागदावरची रेघ पाहून त्यांनी विचारले, “आजी, विडी ओढत होता का?”

आत्या संतापली. “अहो, काहीतरीच काय विचारता!”

“मग चुलीपुढे किती वर्षं बसलात?”

तिने बोटे मोजली. “सोळाव्या वर्षी त्या घरात आले. गॅस आला तेव्हा मला नातू झाला होता.”

निदान झाले सीओपीडीचे, म्हणजे श्वासाच्या वाटा कायमच्या अरुंद होण्याचे. डॉक्टर म्हणाले, “गेलेलं परत आणता येत नाही. उरलेलं मात्र सांभाळता येतं.” औषधाचा फवारा सुरू झाला, तिला झोप लागू लागली. परत जाताना ती म्हणाली, “धूर डोळ्यांत जातो म्हणून जन्मभर डोळे पुसले. छातीतही जातो, हे कुणी सांगितलंच नाही.”

तिला सांगणार तरी कोण? हा आजार विडी-सिगारेट ओढणाऱ्यांचा, असेच डॉक्टरही बराच काळ समजत. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे डॉ. पीटर बार्न्स यांनी २००९ साली ‘लॅन्सेट’मध्ये दाखवून दिले, की जगात धूम्रपान न करताही हा आजार जडलेले लोक पुष्कळ आहेत, आणि त्यामागे लाकूड-गोवऱ्यांच्या धुराचा वाटा मोठा आहे.

सापाची गोळी

“आमच्याकडे गॅस आहे, आम्हांला काय त्याचे?” असे शहरातल्या वाचकांना वाटेल. पण संध्याकाळी आपण खिडक्या लावून डासांची कॉइल पेटवतो. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनानुसार एका कॉइलमधून ७५ ते १३७ सिगारेटींइतके बारीक कण निघतात. घरात कोणी सिगारेट पेटवली तर आपण कपाळाला आठ्या घालतो. कॉइल मात्र पाळण्याशेजारी ठेवतो!

दिवाळीतली गंमत तर आणखी निराळी. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनने विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांसह मुलांचे नेहमीचे फटाके तपासले. त्याचे निष्कर्ष २०१६ साली जाहीर झाले. सर्वांत जास्त बारीक कण कशातून निघावेत? हजाराच्या माळेतून नव्हे, तर सापाच्या गोळीतून! काही सेकंदांच्या त्या धुरात घनमीटरला ६४,००० मायक्रोग्रॅमहून अधिक कण आढळले. भारताची २४ तासांच्या सरासरीची मर्यादा ६० आहे. जागतिक आरोग्य संघटना तर २०२१पासून १५च म्हणते. माळ आवाज करते, म्हणून आपण लांब उभे राहतो. साप आवाज करत नाही, म्हणून लहान मुले त्यावर ओणवी होऊन पाहतात.

बाहेरची हवाही आपल्याला सोडत नाही. केईएम रुग्णालयाचे डॉ. एस. आर. कामत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७०च्या दशकात लालबाग, चेंबूर, खार येथील रहिवाशांची तुलना खेड्यातल्या लोकांशी केली, तेव्हा दूषित वस्त्यांत खोकला आणि दम अधिक आढळला. गिरण्यांची धुराडी पुढे थंडावली. त्यांची जागा मोटारींनी आणि बांधकामांच्या धुळीने घेतली. हिवाळ्यात गार हवा जमिनीलगत साचते, वर उबदार थराचे झाकण बसते आणि खालचा धूर खालीच राहतो.

हवा सुधारते का?

सुधारते. ५ ते ९ डिसेंबर १९५२ या पाच दिवसांत लंडनवर कोळशाच्या धुराचे धुके साचले. त्या वेळी मृत्यूंची गणती सुमारे ४,००० झाली. पुढच्या अभ्यासकांनी ती १२,०००पर्यंत नेली. १९५६ साली तिथे स्वच्छ हवेचा कायदा झाला.

मुलांची फुफ्फुसे तर विशीपर्यंत वाढत असतात. दक्षिण कॅलिफोर्नियात वाहनांवर आणि इंधनावर कडक नियम आले, हवा निवळली. पंधरा वर्षांच्या मुलांत कमजोर फुफ्फुसांचे प्रमाण पूर्वी शेकडा ८च्या आसपास होते. ते शेकडा ३.६वर आल्याचे २०१५ साली प्रसिद्ध झाले. मोठ्यांचे गेलेले परत येत नसेल, पण मुलांचे अजून जायचे आहे, आणि ते राखता येते.

घरापुरते पाहायचे, तर कॉइलऐवजी मच्छरदाणी लावावी, कोरड्या झाडूऐवजी ओले फडके फिरवावे, फोडणीच्या वेळी खिडकी उघडी ठेवावी. आवारात पालापाचोळा पेटवू देऊ नये. रात्रीच्या पहारेकऱ्याला शेकोटीऐवजी चांगली घोंगडी द्यावी. त्यालाही फुफ्फुसे आहेत. जिना चढताना आईला धाप लागली, तर वयावर ढकलू नये. एकदा ती फुंकायची तपासणी करून घ्यावी. आणि मते मागायला येणाऱ्यांना रस्त्यांबरोबर, पाण्याबरोबर हवेबद्दलही विचारावे.

यंदाच्या फराळात तेल कोणते, तूप कोणते, हे आपण पाहणारच. मुलांच्या फटाक्यांच्या पिशवीतून सापाच्या गोळ्यांची डबीही तेवढ्याच पारखीने बाजूला काढावी.